जेवू घालणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण मला ढकलून बघू नका, मी उघडणार नाही. कडी वाजवू नका, ती केव्हाच निघाली. मी आता उभा नसतो, आडवा असतो. चार दणकट पायांवर पाठ टेकून मी पडून असतो आणि माझ्यावर लोक जेवतात. तुम्ही मला टेबल म्हणालात तर मी रागावणार नाही, पण मनातून मी दरवाजाच आहे आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

माझा जन्म बंदरावरच्या एका गोदामासाठी झाला. ते बंदर ज्या प्राचीन गावाचं, त्याला तटबंदी आहे, बुरूज आहेत, गंजलेल्या तोफा आहेत आणि भिंतीला खेटून समुद्र आहे. त्या काळी तिथे गलबतं लागत. तेलाची पिंपं, दोरखंड, धान्याची पोती हे सगळं माझ्यामागे सुरक्षित असे. माझ्या फळ्या हाताच्या पंजाएवढ्या जाड. अंगावर लोखंडी पट्ट्या, पितळी खिळे, आणि मधोमध एवढं मोठं कुलपाचं भोक की त्यातून मांजराचं पिल्लू आरपार गेलं असतं. मी ऊन खाल्लं, खारा वारा खाल्ला, एकदा तर पिसाळलेल्या बैलाची धडक खाल्ली. मी जागचा हललो नाही. बैलाला मात्र दोन दिवस घरी ठेवावं लागलं.

पुढे गलबतं यायची थांबली. गोदाम ओस पडलं, छप्पर खचलं आणि मी एका भिंतीला टेकून उभा राहिलो. येणारे-जाणारे माझ्यावर जाहिराती चिकटवत. कोणी नावं कोरत. मी त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही.

मग एके दिवशी एक तरुण बाई तिथे आली. सोबत तिचा नवरा होता आणि एक नवशिका सुतार होता. गावापासून वरच्या अंगाला, चढावर, बाईने एक दुमजली घर घेतलं होतं. तिथे तिला प्रवाशांच्या राहण्या-जेवणाची सोय करायची होती. खोल्या झाल्या होत्या, खाटा आल्या होत्या, पण जेवायला टेबलं घ्यायची म्हटल्यावर खिशाने हात वर केले होते.

बाईने माझ्यावर थाप मारली आणि म्हणाली, "हा आडवा केला तर?"

नवरा हसला. "अगं, दरवाजावर कोणी जेवतं का?"

"जेवतील. भुकेला माणूस खाली काय आहे ते बघत नाही, वर काय आहे ते बघतो."

सुतार बिचारा नवा होता, त्याला नाही म्हणता येईना. त्याने माझ्या फळ्या सुट्या करून बैलगाडीवर घातल्या, वर नेल्या आणि खोलीतच बसून मला पुन्हा जोडलं, तासलं, घासलं, पाय लावले. बाहेर काम केलं असतं तर आत नेता आलं नसतं, एवढा मी लांब. कुलपाचं भोक तो बुजवणार होता, पण बाईने हात धरला. म्हणाली, "राहू दे. त्याची ओळख आहे ती." त्या दिवसापासून मी तिचा झालो. पुढे सगळं जग तिला मावशी म्हणू लागलं, म्हणून मीही तिला मावशीच म्हणतो.

मित्रांनो, त्या भोकावर मीठदाणी ठेवायची पद्धत पडली. जाणकार पाहुणे ती हलवत नसत. नवखा माणूस मात्र बिनदिक्कत मीठदाणी उचलायचा, तिथेच वाटी ठेवायचा, वाटी कलंडायची आणि गरम रस्सा थेट त्याच्या मांडीवर. सगळे हसायचे. तोही हसायचा, कारण न हसून करतो काय! आणि त्या क्षणापासून तो पाहुणा राहत नसे, घरचा होत असे. माझ्या त्या भोकाने जितक्या ओळखी करून दिल्या तितक्या मोठमोठ्या समारंभांत होत नसतील, हे मी छातीठोकपणे सांगतो.

आता आमच्याकडे येतं कोण, तेही ऐका. खाली गावात, तटाला लागून, चांगली चांगली हॉटेलं आहेत. खिडकी उघडली की बुरूज दिसतो. मात्र भाडं ऐकलं की माणसाचे डोळे पांढरे होतात. मग ती माणसं बॅगा ओढत या गल्लीतून त्या गल्लीत फिरतात. आई म्हणते, अजून एक ठिकाण बघू. बाप म्हणतो, बघितलं की सगळं. पोरं रस्त्यावरच बसकण मारतात. शेवटी किल्ल्याच्या तिकीट खिडकीवरचा माणूस त्यांची दया येऊन सांगतो, "असं करा, सरळ वर चढून जा. दमाल थोडे. पण मावशीकडे पोटभर जेवाल आणि खिसाही रिकामा होणार नाही."

आणि ती वर येतात. घामाघूम, वैतागलेली, एकमेकांवर चिडलेली. त्यांना खोली मिळते. खोलीत लोखंडी खाट, गच्चीवर उन्हात वाळलेली चादर, भिंतीला एक खुंटी आणि एक खिडकी. न्हाणीघर सगळ्यांत मिळून एक. बुरूज दिसत नाही, पण समुद्राचा आवाज येतो. आणि मग ती माझ्यापाशी येतात. गरम भात, मासळीचा रस्सा, एखादी भाजी, भाजलेला पाव. जे घरच्यांना तेच पाहुण्यांना, आणि तेही एकाच वेळी, एकाच टेबलावर. वैतागलेला बाप दुसऱ्यांदा भात मागून घेतो तेव्हा मला जे वाटतं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी राजेरजवाड्यांचा दरवाजा नव्हतो, पण राजाच्या मुदपाकखान्यातही एवढी समाधानाची ढेकर ऐकू आली नसेल.

मावशीची एक रीत होती. दुपारची आवराआवर झाली की ती माझ्यावर ताटं पालथी मांडून ठेवायची. वाढणाऱ्यांना सोडून त्या रात्री घरात जितकी माणसं जेवणार, तितकी ताटं. दिवेलागणीला जो तो आपल्या जागी यायचा आणि आपलं ताट सुलटं करायचा. एखादं ताट पालथंच दिसलं, तर तो माणूस अजून बाहेर आहे असं समजायचं. मग मावशी वाढता वाढता विचारायची, "खिडकीजवळचे कुठे राहिले?" कोणीतरी सांगायचंच, "दीपगृहाकडे भेटले होते, येतायत." सगळी ताटं सुलटी होईपर्यंत मावशी स्वतः जेवायला बसत नसे. तिचे यजमान वारले त्या वर्षीही तिने ही रीत मोडली नाही.

आणि गप्पा! समोरासमोर बसलं की तोंड बंद ठेवता येत नाही. आज काय पाहिलं, उद्या कुठे जाणार, कोणत्या चढावर धाप लागते, भरतीची वेळ कोणती, सगळं माझ्यावरून इकडून तिकडे जायचं. अहो, माझ्यावर दोन लग्नं जुळली. एक भांडण मिटलं. एका गवयाने माझ्यावर ताल धरला आणि त्याला साथ द्यायला उठलेल्या दंतवैद्याने माझी एक फळी सैल केली. मी त्याला माफ केलं आहे.

अशी वर्षं गेली. मावशीचे केस पिकले, सुतार म्हातारा झाला, मावशीच्या लेकाचं लग्न झालं आणि घरात सूनबाई आली. मुलगी हुशार, कामाला वाघीण. तिने गळकी न्हाणी दुरुस्त करून घेतली, गाद्या बदलल्या, जिन्यात दिवा लावला. मी तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण मला तिची भीती वाटायची, कारण ती माझ्याकडे बघताना कपाळाला आठी घालायची.

पाहुणे कमी होऊ लागले होते, हे खरं आहे. हल्ली लोक तिकीट खिडकीवर विचारत नाहीत, घरूनच फोनवर फोटो बघून जागा ठरवतात. एकदा दुपारी सूनबाई फोन घेऊन मावशीशेजारी बसली.

"आई, हे बघा. खालच्या हॉटेलांचे फोटो. छोटी छोटी टेबलं, प्रत्येकावर फूल. आणि हा आपला फोटो. एक लांबलचक दरवाजा आणि त्याच्याभोवती दाटीवाटीने बसलेली माणसं. लग्नाला आल्यासारखी."

"मग वाईट काय आहे त्यात?"

"लोक काय लिहितात ते ऐका. 'जेवण उत्तम, स्वस्तही आहे, पण अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लागतं.' आई, लोकांना आपापलं बसायचं असतं. असंच चाललं तर पुढच्या मोसमात वरच्या खोल्या बंद कराव्या लागतील. आचाऱ्याला काय सांगायचं मग? घरी बस?"

मावशीने फोन बाजूला सारला. म्हणाली, "अगं, वेगवेगळं बसायचं तर माणूस आपल्या घरी बसेल. एवढा चढ चढून इथे कशाला येईल?"

"स्वस्त आहे म्हणून येईल."

मावशीला ते लागलं. मला तर त्याहून लागलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, लोक आमच्यासाठी येतात. मावशीचं सगळं आयुष्य त्या एका विश्वासावर उभं होतं आणि तो विश्वास सुनेने दोन शब्दांत खाली बसवला. चूक तिचीही नव्हती. घर चालवायचं होतं. मावशीचा लेक दोघींच्या मध्ये उभा राहून मान खाजवत होता. बायकोचं पटत होतं आणि आईकडे बघवत नव्हतं.

शेवटी मावशी म्हणाली, "तुम्हाला चालवायचंय पुढे. तुम्ही ठरवा." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी भातात मीठ जास्त पडलं.

पांढरी, गोल, नाजूक पायांची टेबलं आली. मला बाहेर काढायला लेक आणि त्याचा मित्र, एक होडीवाला, असे दोघे आले. आणि मग जी गंमत झाली ती काय सांगू! मी खोलीतच घडलेला. मी दारातून जाईना. उभा केला, तिरका केला, पाय काढून पाहिले. एक दरवाजा दुसऱ्या दरवाजातून जात नाही म्हणून दोन गडी घामाने निथळत उभे! शेवटी खिडकीची चौकट काढून त्यांनी मला मागच्या पडवीत नेलं. जाता जाता मी होडीवाल्याचा अंगठा चेंगरला. मुद्दाम नाही. पण फार वाईटही वाटलं नाही.

पडवीत मला पुन्हा पायांवर उभं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा सुतार येणार होता. ज्याने मला घडवलं तोच मला कापणार होता. माझ्यातून तीन बाकं निघतील, असं लेक म्हणाला. एक अंगणात, एक गच्चीवर आणि एक न्हाणीबाहेर, रांगेत थांबणाऱ्यांसाठी. मित्रांनो, बैलाची धडक मी सहन केली होती. पण न्हाणीबाहेरचं बाक होणं!

दुपारी मावशी पडवीत आली. ती रुसलेली होती, पण हातांना सवय सुटत नाही. तिने धुतलेली ताटं एकेक करून माझ्यावर पालथी मांडली. मांडताना ती ओठ हलवत होती. मग माझ्या कुलपाच्या भोकावरून एकदा बोट फिरवलं आणि आत निघून गेली.

दिवेलागण झाली. आत नवी टेबलं सजली. आता कोणी कधीही यावं, हवं ते सांगावं, खावं आणि जावं. सूनबाई पडवीत यायची, माझ्यावरचं एक ताट उचलायची, आत न्यायची. पुन्हा यायची, दुसरं न्यायची. तिचा चेहरा फुलला होता. आतून फारसा आवाज येत नव्हता. चमचे वाजत होते, खुर्च्या सरकत होत्या. जेवणारे लोक आपापल्या ताटात बघत होते.

मग ती शेवटची आली आणि थांबली. माझ्यावर एक ताट उरलं होतं.

"आई," तिने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली, "तुमचं मोजण्यात चुकलं बघा. एक ताट जास्त झालंय."

मावशी हात पुसत बाहेर आली. "मी मोजून कुठे ठेवते? मी एकेकाचा चेहरा आठवते आणि ठेवते. जास्त कसं होईल?"

"सगळ्यांना वाढलं मी."

"मग हे कोणाचं?"

दोघी जेवणघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माणसं माझ्याभोवती बसलेली असती तर मोकळी जागा पडलेल्या दातासारखी दिसली असती. पण तिथे सगळीकडे टेबलं होती आणि प्रत्येक टेबलाला रिकाम्या खुर्च्या होत्या. मावशी एकेक चेहरा निरखत गेली आणि एकदम तिचा आवाज चढला.

"पोस्टमनकाका कुठे आहेत?"

पोस्टमनकाका म्हणजे आमचे दरवर्षीचे पाहुणे. निवृत्त, एकटे, हळूहळू जेवणारे. गर्दी ओसरली की यायचे आणि तटाचा एकेक दगड बघत हिंडायचे. सगळ्यांनी माना वर केल्या.

"आम्हाला वाटलं, ते त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत," एक गृहस्थ म्हणाले.

"आम्हाला वाटलं, तुमच्याकडे आहेत," कोपऱ्यातले म्हणाले.

"मला वाटलं, खोलीत झोपलेत," सूनबाई म्हणाली. बोलता बोलताच ती जिना चढून गेली आणि तशीच धावत खाली आली. "खोलीला कुलूप आहे. सकाळपासून कोणी पाहिलंय का त्यांना?"

कोणी पाहिलं नव्हतं. मावशी दाराला धरून खाली बसली. एवढा मोठा किल्ला, एवढा लांब किनारा, शोधायचं कुठे?

तेवढ्यात एक नवं लग्न झालेली मुलगी उभी राहिली. ती नवऱ्यासोबत आदल्या दिवशीच आली होती आणि आदल्या रात्री माझ्यावर जेवली होती. मीठदाणी तिनेच उचलली होती आणि रस्सा पोस्टमनकाकांच्या धोतरावर सांडला होता.

"काल मी त्यांची माफी मागत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा ते म्हणाले, काळजी करू नकोस, उद्या हे धोतर समुद्रातच भिजणार आहे. ओहोटी लागली की तटाच्या समुद्राकडच्या दारापाशी उतरणार, म्हणाले. एरवी पाण्याखाली असतात त्या पायऱ्या बघायच्यात."

"समुद्राकडचं दार?" होडीवाला लेकासोबत जेवायला बसला होता. तो अंगठ्याला चिंधी बांधलेली असतानाही ताडकन उठला. "अहो, तिथे भरती चढायला लागली की मागे फिरायला वाट राहत नाही. आणि भरती आता चालू आहे."

लेक आणि होडीवाला पळत सुटले. त्यांच्यामागे सूनबाई, हातात विजेरी, पायात चप्पल आहे की नाही याचंही भान नाही. मावशी ओरडली, "तू कुठे?" तर लांबून उत्तर आलं, "ते ताट जास्तीचं म्हणून मी उचललं असतं आई! फडताळात ठेवून दिलं असतं!"

पुढचं मी पाहिलेलं नाही. पण नंतर ते माझ्यासमोरच इतक्यांदा सांगितलं गेलं आहे की मला ते तोंडपाठ आहे. होडी तटाखाली गेली तेव्हा अंधार पडला होता आणि विजेरीचाच काय तो उजेड होता. शेवाळलेल्या पायरीवरून काकांचा पाय घसरला होता आणि घोटा सुजून टम्म झाला होता. त्यांना उभंच राहता येत नव्हतं. दुपारभर हाका मारून घसा बसला होता. पाणी जसं चढेल तसे ते बसल्या बसल्या एकेक पायरी वर सरकत गेले आणि आता वर पायरी उरली नव्हती. पाठीला बंद दार होतं आणि पाणी गुडघ्याला लागलं होतं. होडी लाटेने भिंतीवर आपटत होती, जवळ जाता येईना. तेव्हा सूनबाईने होडीतला दोर कमरेला बांधला, पाण्यात उतरली आणि काकांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून आणलं. तिला नीट पोहता येत नाही, हे होडीवाल्याला नंतर कळलं. तो अजूनही ते सांगताना कानाला हात लावतो.

खालच्या वाटेने आलं की आमच्या घराची पडवी आधी लागते. त्यांनी काकांना उचलून आणलं आणि ठेवायचं कुठे म्हणून इकडेतिकडे बघितलं. गोल टेबलावर माणूस मावत नाही. माझ्यावर मावतो, आणि वर पाय लांब करायलाही जागा राहते. काकांना माझ्यावर निजवलं. त्यांच्या कपड्यांतलं खारं पाणी माझ्या फळ्यांत मुरलं. कित्येक वर्षांनी समुद्राची ती चव मला मिळाली.

मावशीने चादरी आणल्या, आचाऱ्याने गरम पाणी आणलं, लेकाने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी घोटा बांधला आणि सांगितलं, हाड मोडलेलं नाही, घाबरायचं कारण नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला. काकांनी डोळे उघडले, भोवती जमलेल्या सगळ्यांकडे बघितलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "आयुष्यभर पार्सलं पोचवली. आज मीच पार्सल होऊन आलो."

सगळे हसले. ती नवी नवरी हसता हसता रडायला लागली. काका तिला म्हणाले, "बाळ, बघ, म्हटलं होतं ना धोतर भिजणार म्हणून?" मग मावशीकडे वळून म्हणाले, "तिथे बसून एकच विचार करत होतो. मावशींनी ताट मांडलं असेल. तेवढ्यावर धीर धरला हो."

मावशीने पदराने तोंड झाकून घेतलं. सूनबाई ओल्या कपड्यांनी भिंतीला टेकून उभी होती. तिने ते उरलेलं ताट उचललं, सुलटं केलं, आत जाऊन गरम भात वाढून आणला आणि काकांसमोर ठेवला.

काकांना उशी देऊन बसवलं. ते माझ्यावर बसून जेवू लागले. मग कोणीतरी आपलं अर्धवट राहिलेलं ताट घेऊन आलं आणि माझ्या कडेला ठेवलं. दुसरा आला. खुर्च्या आणल्या गेल्या, त्या पुरेनात तेव्हा लोक उभ्याने जेवले. कोपराला कोपर लागत होतं. प्रत्येकाला बोलायचं होतं आणि कोणीच कोणाचं पुरतं ऐकत नव्हतं. आत पांढरी टेबलं आपल्या फुलांसकट रिकामी पडली होती. मी त्यांना नाक मुरडून दाखवलं नाही. पण मित्रांनो, मी त्या वेळी जेवढा ताठ होतो तेवढा गोदामाच्या तोंडाशी उभा असतानाही नव्हतो.

सकाळ मात्र झालीच. म्हातारा सुतार आला. काखेत करवत, कानावर पेन्सिल. त्याने मला ओळखलं. माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाला, "कसा घडवला होता! आता कापायचा म्हणजे जिवावर येतं. पण सांगाल तसं."

मावशी स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. ती पुढे आली नाही. तिने शब्द दिला होता, तुम्ही ठरवा म्हणून. आणि ती शब्द फिरवणाऱ्यांतली नव्हती. सूनबाई नाकाला रुमाल लावून बाहेर आली. रात्रभर शिंकत होती.

"करवत आणलीत ना? चांगलं झालं," ती म्हणाली. "आणि फळ्या आणल्यात का?"

"फळ्या कशाला? ह्याच्यातूनच तीन बाकं निघतील की."

"बाकं नकोत. ह्याला दोन्ही टोकांना हातभर वाढवून द्या."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "दरवाजा वाढवायचा? असं कधी कोणी केलंय का?"

"आडवा तरी कोणी केला होता?" सूनबाई म्हणाली. "काल सगळे मावले नाहीत ह्याच्याभोवती. उभ्याने जेवावं लागलं लोकांना."

मावशीने तिथूनच विचारलं, "आणि ती कोपराची तक्रार?"

"ज्याला वेगळं बसायचंय त्याच्यासाठी दोन गोल टेबलं खिडकीशी ठेवू. बाकीची परत पाठवते. पण आई, ताट प्रत्येकाचं ह्याच्यावरच मांडायचं. गोल टेबलावर जेवणाऱ्यानेसुद्धा इथूनच न्यायचं. आणि मांडायला मला शिकवा. मला चेहरे आठवत नाहीत, मी मोजत बसते."

मावशी पुढे आली आणि तिने सुनेच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. "आधी काढा घे," ती म्हणाली. "मग शिकवते."

त्या दिवशी मला करवत लागलीच नाही. दोन्ही टोकांना नव्या फळ्यांचे जोड बसले. रंग थोडा फिका आहे, सांधा बोटाला लागतो, पण म्हाताऱ्या सुताराने असा घट्ट बसवला आहे की दंतवैद्य परत आला तरी काही बिघडणार नाही. खिडकीची चौकट पुन्हा काढून मला आत नेलं. होडीवाला या वेळी अंगठा सांभाळून होता.

आता आमचा फोटो बदलला आहे. त्यात मी आहे, दाटीवाटीने बसलेली माणसं आहेत आणि घोटा बांधलेले पोस्टमनकाका हसतायत. खाली सूनबाईने स्वतः लिहिलं आहे, खोल्या साध्या आहेत, न्हाणीघर एकच आहे, जेवण सगळ्यांचं एकत्र होतं. लोक येतात. मागच्या मोसमात एकही खोली रिकामी राहिली नाही.

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. घरात एखादी जुनी, लांबरुंद, अडचण करणारी वस्तू असेल तर ती कापायच्या आधी तिच्यामुळे घरातली माणसं कशी एकत्र येतात ते एकदा बघा. तिला पुसा, वर्षातून एकदा तेल द्या, खिळे सैल झाले तर ठोकून घ्या. आणि कधी प्रवासाला निघालात, बजेट बेताचं असलं, पाय दुखत असले, तर चढ चढून आमच्याकडे या. शेजारी कोण बसेल ते मी सांगू शकत नाही. पण सूनबाईने त्या फोटोखाली शेवटची जी ओळ लिहिली आहे, ती मला इतकी आवडते की मी ती येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली असती, मला तोंड असतं तर. ती अशी आहे: "जेवायच्या वेळी आला नाहीत, तर आम्ही तुम्हाला शोधायला येऊ."